डिव्हाइसची मेमरी यूजरस्पेसमध्ये मोठ्या पानांनी मॅप करायची आहे, २ एमबीचं पान मिळत नाही

रामबागकर

राम राम मंडळी,

मी इंदूरचा. काम पीथमपूरच्या एका औषध कारखान्यातलं आहे. गोळ्यांच्या पट्ट्या बेल्टवरून जातात, वरून कॅमेरे बघतात. कप्पा रिकामा, गोळी फुटकी किंवा छपाई पुसट दिसली की ती पट्टी बाजूला ढकलायची. कॅमेरे एका एफपीजीए (हवं तसं सर्किट घडवता येणारी चिप) कार्डाला जोडलेत आणि कार्ड पीसीआय एक्सप्रेसवर आहे.

मेमरीचे दोन तुकडे आहेत. पहिला कार्डावरची ४ जीबी डीडीआर, ती सगळी एका ६४-बिट प्रीफेचेबल बारमधून, म्हणजे सीपीयूला कार्डाची मेमरी दाखवणाऱ्या पत्त्यांच्या खिडकीतून, दिसते. यात प्रोग्राम प्रत्येक उत्पादनाचे संदर्भ नकाशे लिहितो. दुसरा होस्टच्या रॅममधला २ जीबी, बूटच्या वेळीच बाजूला काढलेला: मेममॅप=२जी$१४जी. (ग्रबच्या फाइलमध्ये डॉलरच्या आधी बॅकस्लॅश लागतात, नाहीतर तो पर्याय अर्धाच पोचतो.) या तुकड्यात कार्ड डीएमएने, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता, फ्रेम टाकतं.

दोन्ही तुकडे आमचा ड्रायव्हर एममॅपमधून (मेमरी प्रोग्रामच्या पत्त्यांत बसवणारा कॉल) देतो, आत साधं रीमॅप_पीएफएन_रेंज (सलग भौतिक पानं एकदम मॅप करणारं फंक्शन). चालतं व्यवस्थित. पण पट्टी तिरपी आली की ती सरळ करताना प्रोग्राम फ्रेमभर उड्या मारत पिक्सेल वाचतो, आणि पर्फमध्ये (वेग मोजायचं साधन) डीटीएलबी-लोड-मिसेस सगळ्यात वर दिसतं, म्हणजे पत्त्यांची भाषांतरं लक्षात ठेवणारा टीएलबी सतत चुकतो. सगळं मॅप झाल्यावर प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये व्हीएमपीटीई (पेज टेबलने घेतलेली जागा) १२ एमबीच्या वर जातं.

मॅप_ह्यूजटीएलबी दिलं तर एममॅप ईआयएनव्हीएएल (पर्याय चुकीचा) देऊन परत येतं. एमएडव्हाइजला एमएडीव्ही_ह्यूजपेज दिलं तर ते यशस्वी म्हणतं, पण फरक शून्य. लिनक्सचं डेबियन १२, कर्नल ६.१, इंटेल मशीन. २ एमबीची पानं मिळवायची वाट काय?

सयाजीगंज_लिनक्स

बडोद्याहून नमस्कार. मॅप_ह्यूजटीएलबी फक्त ह्यूजटीएलबीएफएसच्या, म्हणजे आधीच राखून ठेवलेल्या मोठ्या पानांसाठी आहे. डिव्हाइस फाइलवर ते चालणारच नाही, म्हणून ईआयएनव्हीएएल. एमएडव्हाइजचंही तसंच. ते फक्त व्हीएमएवर (प्रोग्रामच्या पत्त्यांचा एक पट्टा) खूण करून ठेवतं. पानं गोळा करून मोठं पान बनवणारा खूजपेजडी व्हीएम_पीएफएनमॅपच्या (ड्रायव्हरने थेट मॅप केलेल्या) भागाकडे फिरकत नाही, कारण तिथे त्याला हलवता येईल असं पानच नसतं.

पेजटेबल_काका

रामबागकर, तुमचे दोन तुकडे दिसायला सारखे असले तरी त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि उत्तरंही वेगळी आहेत. दोघांना एकाच ड्रायव्हरमधून एकाच पद्धतीने मॅप केलंय म्हणून ते एक वाटतात.

आधी आकडे. एक्स८६-६४ वर पेज टेबलच्या प्रत्येक पायरीला ५१२ नोंदी, एकेक नोंद ८ बाइटची. सगळ्यात खालची पायरी पीटीई, एक नोंद म्हणजे ४ केबी. त्यावर पीएमडी, तिथेच थांबलं तर एक नोंद २ एमबी. त्यावर पीयूडी, तिथे थांबलं तर १ जीबी. तुमचे ६ जीबी ४ केबीने मॅप केले की १५ लाख ७२ हजार ८६४ नोंदी, म्हणजे बरोबर १२ एमबी. तुमचं व्हीएमपीटीई हेच सांगतंय. २ एमबीने तेच काम ३,०७२ नोंदींत होतं.

आता टीएलबी. स्कायलेक पिढीचा इंटेल प्रोसेसर धरा. त्याच्या दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत १,५३६ नोंदी असतात. ४ केबीच्या पानांनी त्या ६ एमबी झाकतात, २ एमबीच्या पानांनी ३ जीबी. २ जीबीच्या बफरमध्ये उड्या मारत वाचलं, तर पहिल्या हिशेबात जवळजवळ प्रत्येक उडीला पेज टेबल चढावं लागतं. दुसऱ्या हिशेबात अख्खा बफर टीएलबीत मावतो. तुमचा त्रास खरा आहे आणि तो होस्टच्या २ जीबीत आहे.

कार्डाच्या ४ जीबीत तो तितका नाही. तिथे तुम्ही लिहिता, वाचत नाही ना? बारमधून सीपीयूने वाचणं म्हणजे प्रत्येक वाचनाला पीसीआय एक्सप्रेसवरून जाऊन परत येणं. त्या वेळेपुढे टीएलबी मिस किरकोळ आहे. कोणी बारमधून वाचायचा वेग वाढावा म्हणून मोठी पानं मागत असेल तर त्याला मी डीएमएकडेच पाठवीन. लिहिण्यासाठी मात्र आधी बघा की पीजीप्रॉट_राइटकंबाइन लावलंय का. ते नसेल तर प्रत्येक छोटं लेखन वेगळं बसवर जातं. असेल तर प्रोसेसर ६४ बाइट जमवून एकदम पाठवतो. पानाच्या मापाआधी ही गोष्ट.

रामबागकर

राइटकंबाइन लावलेलं आहे काका. बारमधून वाचत नाही, फक्त लिहितो. लिहिणंही विखुरलेलं असतं, पण उत्पादन बदललं तरच.

म्हणजे आधी होस्टचा बफर धरू. तिथे रीमॅप_पीएफएन_रेंजला मोठं पान टाकायला सांगता येतं का? १४जी हा पत्ता तर १ जीबीलाही जुळतो.

पेजटेबल_काका

नाही येत. आणि तिथे मी बाजूला काढलेली रॅमच सोडून देईन.

दिशा उलटी करा. ड्रायव्हरने मेमरी प्रोग्रामला द्यायची, त्याऐवजी प्रोग्रामने ड्रायव्हरला द्यावी. बूटला ह्यूजपेजएसझेड=१जी ह्यूजपेजेस=२ ठेवा. प्रोग्राम ह्यूजटीएलबीएफएसमधून २ जीबी मॅप करेल आणि पत्ता आयओसीटीएलने (ड्रायव्हरशी बोलायचा कॉल) ड्रायव्हरला देईल. ड्रायव्हर पिन_यूजर_पेजेसने, एफओएलएल_लाँगटर्म लावून, ती पानं धरून ठेवेल आणि डीएमएसाठी मॅप करेल. प्रोग्रामला १ जीबीची दोन पानं, कॅशेबल, नेहमीची रॅम. मॅप_ह्यूजटीएलबी इथे मात्र चालेल. डीपीडीकेवाले (नेटवर्क पॅकेट वेगाने हाताळणारी लायब्ररी) पॅकेट बफरसाठी ह्यूज पेज वापरतात ते याच कारणाने.

यात कर्नल बदलावा लागत नाही. ६.१ वर हे सगळं आहे.

रामबागकर

कर्नल बदलावा लागत नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. औषधाच्या लाइनवर सॉफ्टवेअरचा कुठलाही बदल कागदावर सिद्ध करून द्यावा लागतो. प्रोग्राम बदलला तर तपासणीची चाचणी, कर्नल बदलला तर व्हॅलिडेशन मुळापासून. आणि तेवढा वेळ लाइन आमच्या हातात, म्हणजे उत्पादन बंद.

एक अडचण. कार्डाच्या डीएमए इंजिनाला सलग पत्ता लागतो, तुकडे जोडायची सोय नाही. १ जीबीची दोन पानं शेजारी शेजारीच मिळतील याची खात्री कुठे?

सयाजीगंज_लिनक्स

आयओएमएमयू (डिव्हाइससाठी पत्त्यांचं भाषांतर करणारा भाग) चालू करा. ड्रायव्हरने डीएमए एपीआय नीट वापरली की कार्डाला जो पत्ता दिसतो तो आयओव्हीए, म्हणजे भाषांतरित होणारा पत्ता असतो, आणि विखुरलेली पानंही आयओव्हीएमध्ये सलग लावता येतात. फक्त डिव्हाइसची कमाल सेगमेंट साइज डीएमए_सेट_मॅक्स_सेग_साइजने मोठी सांगा, नाहीतर ६४ केबीच्या धारणेवर तुकडे पडतील.

ग्वाल्हेर_विद्यार्थी

काका, मी ग्वाल्हेरला तिसऱ्या वर्षाला आहे, धागा पहिल्यापासून वाचतोय. एक कळलं नाही. कर्नलच्या आत आयओरीमॅप (डिव्हाइसची मेमरी कर्नलसाठी मॅप करणारं फंक्शन) मोठी पानं वापरू शकतं असं वाचलंय. मग यूजरस्पेससाठी रीमॅप_पीएफएन_रेंज का नाही वापरत? पीएफएन (पानांचे भौतिक क्रमांक) सलग आहेत, पत्ते जुळतात, पीएमडीत एक नोंद लिहिली की झालं ना?

पेजटेबल_काका

छान प्रश्न. लिहिणं सोपं आहे, नंतर निभावणं अवघड.

आयओरीमॅपचा पत्ता कर्नलच्या ताब्यात असतो. ज्याने मॅप केलं तोच पूर्ण काढणार. यूजरस्पेसमध्ये प्रोग्रामला काहीही करायची मुभा आहे. समजा मोठ्या पानाच्या मधल्या ४ केबीवर त्याने एमप्रोटेक्ट केलं (परवानगी बदलली), किंवा तेवढाच तुकडा मनमॅप केला (काढून टाकला). आता एका नोंदीचे ५१२ तुकडे करावे लागतील. अनामिक मेमरीत कर्नल ते तुकडे खरोखर करतो. डिव्हाइसच्या मॅपिंगमध्ये तो सोपी वाट घेतो: ती मोठी नोंद पुसूनच टाकतो. प्रोग्राम पुन्हा तिथे हात लावेल तेव्हा फॉल्ट येईल आणि ड्रायव्हर हवं ते पान परत टाकेल, असा त्यामागे विचार.

पण रीमॅप_पीएफएन_रेंज वापरणाऱ्या ड्रायव्हरकडे बहुधा फॉल्ट हँडलरच नसतो. एममॅपच्या वेळी सगळं भरलं, काम संपलं. पुसलेली नोंद कोणी परत भरणार नाही आणि प्रोग्राम सिगबस (चुकीच्या मेमरीला हात लावल्याचा सिग्नल) खाऊन मरेल. म्हणून डिव्हाइसच्या मेमरीला मोठी पानं हवी असतील तर ती फॉल्टच्या वाटेने यावी लागतात.

रामबागकर

होस्टचा बफर ह्यूजटीएलबीएफएसवर गेला. आयओएमएमयू चालू, कार्डाला सलग आयओव्हीए मिळतो. पर्फच्या यादीत टीएलबी आता शोधावं लागतं, वर आहे ते प्रत्यक्ष पिक्सेलचं गणित. लाइनवर लागला सुद्धा. सयाजीगंज, ती सेगमेंट साइजची सूचना फार कामाची होती, तिच्याशिवाय इंजिन अडलं असतं.

आता उरला बार. पुढच्या व्हॅलिडेशनला नवा कर्नल घ्यायचाच आहे, तेव्हा तोही नीट करून ठेवीन म्हणतो. पुढच्या कार्डावर १६ जीबी येणार आहे, तेव्हा ४ केबीने पेज टेबलच प्रत्येक प्रोसेसमागे ३२ एमबी होईल, आणि आमचे प्रोसेस बरेच आहेत. ६.१ मध्येही ह्यूज_फॉल्ट (मोठ्या पानाचा फॉल्ट हाताळणारं फंक्शन) दिसतं. त्यावरच लिहू का?

पेजटेबल_काका

६.१ वर लिहू नका. ६.१२ घ्या. डेबियन १३ मध्ये तोच आहे, आणि दीर्घ मुदतीचा आहे.

कारण सांगतो, कारण याच जागी जाणती माणसंही अडकली होती. व्हीएम_ऑपरेशन्समधलं ह्यूज_फॉल्ट जुनंच आहे, २०१७ च्या ४.११ पासूनचं, मुख्यतः डॅक्ससाठी (फाइल थेट पर्सिस्टंट मेमरीतून मॅप करण्याची सोय). ग्राफिक्सच्या टीटीएमने (व्हिडिओ मेमरी सांभाळणारा कर्नलचा भाग) २०२० मध्ये ते धरून व्हिडिओ मेमरीला मोठी पानं दिली, आणि २०२१ मध्ये ती परत काढून टाकावी लागली. घोळ असा: ४ केबीच्या पीटीईत 'स्पेशल' नावाची एक बिट असते. तिचा अर्थ, या पत्त्यामागे स्ट्रक्ट पेज (कर्नलने रॅमच्या पानाची ठेवलेली नोंद) नाही, याला हात लावू नका. पीएमडी आणि पीयूडीमध्ये ती बिट त्या वेळी नव्हती. त्यामुळे गेट_यूजर_पेजेसची (प्रोग्रामची पानं धरून ठेवणारं फंक्शन) वेगवान वाट मोठी नोंद बघायची, तिला साधी रॅम समजायची आणि जे स्ट्रक्ट पेज मुळात नाहीच त्याचा संदर्भ मोजायला जायची. कुठल्यातरी प्रोसेसने तो पत्ता एखाद्या ओ_डायरेक्ट रीडला (डिस्कवरून थेट त्या पत्त्यावर वाचणं) दिला की पुरे.

६.१२, म्हणजे नोव्हेंबर २०२४ चा कर्नल, त्यात पीएमडी-पीयूडीला ती बिट मिळाली, एक्स८६-६४ आणि एआरएम६४ दोन्हीकडे. त्याच वेळी व्हीएफआयओ-पीसीआयमध्ये (पीसीआय डिव्हाइस थेट प्रोग्रामला किंवा व्हर्च्युअल मशीनला देणारा ड्रायव्हर) ह्यूज_फॉल्ट आलं. त्यांची गरज व्हर्च्युअल मशीनची होती: केव्हीएम (लिनक्सचं व्हर्च्युअलायझेशन) पाहुण्याचं, म्हणजे आतल्या मशीनचं, पेज टेबल भरताना होस्टच्या नोंदीचं माप बघतो. होस्टवर ४ केबी असेल तर जीपीयूचा कित्येक जीबींचा बार पाहुण्यालाही ४ केबीनेच मिळतो.

तुमचा ड्रायव्हर व्हीएफआयओवर नेता येत असेल तर न्या. हँडलर आयता मिळतो. नसेल तर त्यांचाच वाचून लिहा, लांब नाही.

रामबागकर

व्हीएफआयओवर नेता येणार नाही, इंटरप्टचं बरंच काम आमच्या ड्रायव्हरमध्ये आहे. हँडलरमध्ये नेमकं काय तपासायचं?

पेजटेबल_काका

कर्नल आधी मोठ्यात मोठं मागतो. हँडलरला ऑर्डर मिळते: १८ म्हणजे १ जीबी, ९ म्हणजे २ एमबी. जमत नसेल तर व्हीएम_फॉल्ट_फॉलबॅक परत द्या, तो पुढचं लहान माप विचारेल, शेवटी साधा फॉल्ट. ढोबळ आराखडा:

    पत्ता = फॉल्टचा पत्ता, ऑर्डरच्या मापावर खाली आणलेला
    पीएफएन = बारचा पहिला पीएफएन + एममॅपच्या ऑफसेटची पानं + (पत्ता − व्हीएमएची सुरुवात) / ४ केबी
    जर पत्ता < व्हीएमएची सुरुवात → फॉलबॅक
    जर पत्ता + माप > व्हीएमएचा शेवट → फॉलबॅक
    जर पीएफएन त्या मापाला जुळत नाही → फॉलबॅक
    ऑर्डर १८ → व्हीएमएफ_इन्सर्ट_पीएफएन_पीयूडी
    ऑर्डर ९ → व्हीएमएफ_इन्सर्ट_पीएफएन_पीएमडी

साधा फॉल्टही लिहायचा, तिथे व्हीएमएफ_इन्सर्ट_पीएफएन. एममॅपमध्ये काही भरायचं नाही, फक्त व्हीएम_पीएफएनमॅप वगैरे खुणा, राइटकंबाइन, आणि व्हीएम_शेअर्ड नसेल तर तिथेच नकार. खाजगी मॅपिंगला कॉपी-ऑन-राइट लागतं आणि डिव्हाइसच्या मेमरीत त्याला अर्थ नाही.

भौतिक बाजू तुम्हाला फुकट आहे. पीसीआय बारचं माप नेहमी दोनाच्या घातात असतं आणि तो स्वतःच्या मापालाच जुळवून ठेवतात. ४ जीबीचा बार ४ जीबीच्या पटीतल्या पत्त्यावरच सुरू होतो. अडेल ते व्हर्च्युअल पत्त्यावर. एममॅपने ४ केबीला जुळणारा कुठलाही पत्ता दिला की तिसरी अट कायम फसणार आणि तुम्हाला एकही मोठं पान मिळणार नाही, तेही काहीही तक्रार न येता. फाइल ऑपरेशन्समध्ये गेट_अनमॅप्ड_एरियाला टीएचपी_गेट_अनमॅप्ड_एरिया लावा.

कार्ड रीसेट करताना अनमॅप_मॅपिंग_रेंज (प्रोग्रामांची मॅपिंग काढून घेणं) करायला विसरू नका, आणि रीसेट चालू असताना फॉल्ट आला तर हँडलरने सिगबस द्यावा. फॉल्टच्या वाटेचा हा मोठा फायदा आहे: मॅपिंग मधेच काढून घेता येतं.

ग्वाल्हेर_विद्यार्थी

काका, पीटीईमध्ये पीएटीची (पानाचा कॅश-प्रकार ठरवणारा तक्ता) बिट सातवी असते, आणि पीएमडीत सातवी बिट पानाचं माप सांगते. मग राइटकंबाइन मोठ्या पानात कसं पोचतं?

पेजटेबल_काका

बरोबर पकडलंस. मोठ्या पानात पीएटी बिट बाराव्या जागी जाते. पण लिनक्सने पीएटीचा तक्ता असा मांडलाय की राइटकंबाइन पहिल्या घरात येतं, म्हणजे फक्त पीडब्ल्यूटी बिट लागते, पीएटी बिट शून्यच. अनकॅश्डलाही तसंच. ती बिट लागते राइट-थ्रू आणि राइट-प्रोटेक्टला. त्यामुळे रामबागकरांना धोका नाही. राइट-थ्रू मागणाऱ्याने मात्र ही जागा दोनदा बघावी.

रामबागकर

ऑफिसातल्या चाचणी मशीनवर डेबियन १३ घालून हँडलर लिहिला, आत ऑर्डर लॉगमध्ये छापणारं डेव्ह_डीबीजी. लॉगमध्ये हँडलरची एकही ओळ नाही! थेट साधा फॉल्ट, ४ केबी. पत्ता २ एमबीला जुळतो, बघितलं.

सयाजीगंज_लिनक्स

/सिस/कर्नल/एमएम/ट्रान्सपेरंट_ह्यूजपेज/एनेबल्ड मध्ये काय आहे?

रामबागकर

नेव्हर. बूटलाइनमध्येच ट्रान्सपेरंट_ह्यूजपेज=नेव्हर आहे, लाइनवरच्या मशीनवरून उचललेली. कॅमेऱ्याच्या वेळेत खूजपेजडीची लुडबुड नको म्हणून ती टाकलेली.

सयाजीगंज_लिनक्स

तेच आहे. फाइलच्या मॅपिंगवर ह्यूज_फॉल्ट बोलावायचं की नाही हे ठरवताना कर्नल तीच सेटिंग बघतो. नेव्हर असेल तर हँडलरपर्यंत गोष्ट जातच नाही. 'ऑलवेज' करायची गरज नाही. 'एमएडव्हाइज' ठेवा आणि फक्त बारच्या मॅपिंगवर एमएडीव्ही_ह्यूजपेज द्या. बाकी प्रोसेसना आत्तासारखंच राहील. पहिल्या पोस्टमध्ये निष्फळ ठरलेला तोच कॉल इथे उपयोगी पडतो.

रामबागकर

झालं. ऑर्डर ९ च्या ओळी लॉगमध्ये आल्या. ऑर्डर १८ दरवेळी फॉलबॅक होत होती, कारण टीएचपी_गेट_अनमॅप्ड_एरिया फक्त २ एमबीला जुळवतं. मग प्रोग्राममध्ये आधी ५ जीबीची जागा प्रॉट_नन लावून अडवली, तिच्यातला १ जीबीला जुळणारा पहिला पत्ता काढला आणि बार तिथे मॅप_फिक्स्डने बसवला. आता अख्ख्या ४ जीबीला ऑर्डर १८ च्या चार ओळी येतात. व्हीएमपीटीई केबीमध्ये आलं.

पेजटेबल_काका

उत्तम. मॅप_फिक्स्ड फक्त स्वतः अडवलेल्या जागेतच वापरा. तो तिथे जे असेल ते न विचारता उडवतो.

आणि व्हॅलिडेशनच्या कागदात ती बूटलाइन आणि एनेबल्डची किंमत, दोन्ही लिहून ठेवा. उद्या कोणी 'नेव्हर' परत टाकलं तर प्रोग्राम चालत राहील, एरर येणार नाही, फक्त पानं ४ केबीची होतील. सुरुवातीला प्रोग्रामनेच व्हीएमपीटीई वाचून लॉगमध्ये टाकलं तर बरं.

रामबागकर

टाकतो, मर्यादेच्या वर दिसलं तर लाइन सुरू होण्याआधीच ऑपरेटरच्या पडद्यावर सूचना.

शेवटचं एक: पुढचा बोर्ड एआरएम६४ असू शकतो. तिथे हेच माप धरायचं?

पेजटेबल_काका

कर्नल कुठल्या पानावर बांधलाय त्यावर. ४ केबीवर असेल तर पीएमडी २ एमबीच, हँडलर तसाच चालेल. १६ केबीवर ३२ एमबी, ६४ केबीवर थेट ५१२ एमबी. म्हणून कोडमध्ये ९ आणि १८ लिहू नका, पीएमडी_ऑर्डर आणि पीयूडी_ऑर्डर लिहा. बोर्ड ठरला की त्याच्यावर गेटकॉन्फ पेजसाइज चालवून आकडा इथे टाका, मग अलाइनमेंटचं बघू.